ईजीआरला पत्रा मारण्याआधी पी०४०१ नीट वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०११ ची स्विफ्ट डिझेल, सोलापूर पासिंग, रनिंग १ लाख ६० हजारांच्या पुढे. चढाला पिकअप नाही, ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर, ॲव्हरेज घसरलंय, चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनरवर एकच कोड, पी०४०१. गॅरेजवाल्याचं म्हणणं असं की ईजीआर (जळून निघालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) गेलाय, त्याला पत्रा मारून कायमचा बंद करू, कॅट (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाईप टाकू आणि वरून रिमॅप करू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलू. अठरा हजारांत गाडी पळायला लागेल आणि पीयूसीही निघेल. करावं का?

करू नका. प्रदूषण आणि कायदा या दोन्हींवर पुढे बोलेनच, पण त्याआधीची अडचण साधी आहे. तुम्ही सांगितलेली लक्षणं आणि सुचवलेला इलाज यांचा एकमेकांशी मेळच बसत नाही.

पी०४०१ चा अर्थ: ईजीआरमधून जेवढा वायू जायला हवा त्यापेक्षा कमी जातोय. कमी, जास्त नाही. आता पत्रा मारून काय होणार? जो कमी जातोय तो शून्यावर येणार. मग त्याने काळा धूर कसा थांबेल? ईजीआरमुळे गाडी काळा धूर ओकते आणि दम सोडते ती बहुतेक वेळा वॉल्व्ह उघडा अडकल्यावर. सायलेन्सरकडे जायचा वायू नको तेव्हाही इंजिनात परत येत राहतो, ताज्या हवेची जागा खातो आणि डिझेल अर्धवट जळतं. पण त्या वेळी कोड सहसा पी०४०२ चा, म्हणजे जास्त प्रवाहाचा येतो, नाहीतर वॉल्व्ह सांगितलेल्या जागी जात नाही असं सांगणारा पी०४०४. वॉल्व्ह बंद अडकला किंवा त्याची वाट कार्बनने बुजली तर चालवणाऱ्याला फारसं काही कळतही नाही. फार तर इंजिनाचा आवाज थोडा कडक होतो आणि दिवा लागतो. तुमच्याकडे कोड ‘वाट बुजली’ म्हणतोय आणि लक्षणं ‘हवा कमी पडतेय’ म्हणतायत. दोन्ही एकाच वेळी खरं ठरेल असं कारण शोधायचं, आणि ते बरेचदा वॉल्व्हमध्ये नसतं.

त्यासाठी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे ठरवतो कसं ते समजून घ्या. या गाडीत ईजीआरमधून किती वायू गेला ते थेट मोजणारा मीटर नाही. एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला एमएएफ सेन्सर बाहेरून आत येणारी ताजी हवा मोजतो आणि ईसीएम वजाबाकी करतो: वॉल्व्ह उघडला की तेवढी ताजी हवा कमी व्हायला हवी. ती कमी झाली नाही, तर ईजीआर चालत नाही असा निष्कर्ष आणि पी०४०१. म्हणजे कोड वॉल्व्हच्या नावाने येतो, पण साक्ष एमएएफची असते. आता टर्बो ते इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) किंवा इंटरकूलर ते इंजिन यांमधला एखादा रबरी पाईप चिरलाय असं धरा. टर्बोने दाबलेली हवा त्या चिरेतून बाहेर जाते. एमएएफने ती आधीच मोजलेली असते. त्याच्या हिशोबाने इंजिनाला भरपूर हवा मिळतेय, म्हणून ईसीएम त्या मानाने डिझेल सोडतो. प्रत्यक्षात हवा पोचलेलीच नसते. परिणाम काळा धूर, पिकअप गायब, ॲव्हरेज खाली. आणि ताजी हवा अपेक्षेपेक्षा जास्त मोजली गेल्यामुळे ईजीआर चालत नाही असा समजही तिथूनच होऊ शकतो. एक चिरलेला पाईप तुमच्या चारही तक्रारी एकटा देऊ शकतो. अठरा हजारांचं काम करून घेतलंत तरी तो पाईप तिथेच राहणार.

म्हणून सुरुवात पाईपांपासून. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या, टर्बोपासून इनटेकपर्यंतचा प्रत्येक पाईप सोडवून हातात घ्या आणि वाकवून बघा. जागेवर बसलेला असताना चीर दिसत नाही, ती बहुतेक खालच्या अंगाला किंवा क्लॅम्पच्या काठाशी असते आणि दाब आला की उघडते. आतून तेलाचा हलका थर असणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. बाहेरून मात्र एकाच ठिकाणी ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर हवा तिथूनच सुटतेय. खात्री करायची तर टर्बोच्या तोंडाला झाकण बसवून कमी दाबाची हवा भरा, एक बारच्या वर नको, आणि साबणाचं पाणी मारत चला. पंक्चरवाल्याच्या टबात ट्यूब बुडवल्यावर येतात तसे बुडबुडे दिसतील. इंटरकूलरची जाळीही बघा. खडीच्या रस्त्यावर चाललेल्या गाड्यांत ती दगडाने फुटलेली सापडते.

पाईप शाबूत निघाले तर एमएएफ. त्याचा हिशोब मालकालाही करता येतो. इंजिन १२४८ सीसी, सिलिंडर चार, म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. सोलापूरच्या उन्हात एक सीसी हवेचं वजन साधारण १.१ मिलिग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरत नाही हे धरलं तर ईजीआर बंद असताना आयडलला दर स्ट्रोकला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास हवा दिसायला हवी. इंजिन गरम करा, लाइव्ह डेटा (चालू इंजिनाचे सेन्सरचे आकडे) लावा आणि स्कॅनरवरूनच वॉल्व्ह उघडबंद करा. उघडल्यावर आकडा ठळक खाली आला आणि बंद केल्यावर परत वर गेला, तर वाट मोकळी आहे आणि वॉल्व्हही चालतोय. आकडा हललाच नाही, तर वाट खरोखर बुजलीय किंवा वॉल्व्ह मेलाय. आणि वॉल्व्ह बंद असतानाच आकडा ३०० च्या फार वर किंवा फार खाली असेल तर आधी एमएएफवर संशय. पाच मिनिटांचं काम आहे. ज्या गॅरेजात फक्त कोड वाचून पुसतात आणि लाइव्ह डेटा कधी उघडत नाहीत, तिथे हे होणार नाही, त्यामुळे गॅरेज निवडताना हेच विचारा.

समजा वाट खरोखर बुजलेली निघाली. इतक्या रनिंगला ते अगदी शक्य आहे, या इंजिनात नेहमी होतं. फियाटचं हे १.३ मल्टिजेट मारुतीने परवान्यावर मानेसरला बनवलं, फियाटने स्वतः आपल्या रांजणगावात बनवलं, आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झपासून व्हिस्टा, पुंटोपर्यंत इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत. तुमच्या दृष्टीने याचा फायदा असा की सुटे भाग मिळतात आणि हात बसलेले कारागीरही. फक्त इंजिन तेच म्हणून वॉल्व्ह तोच असं समजू नका, जुन्या वॉल्व्हवरचा पार्ट नंबर जुळवूनच नवा घ्या.

साफ करायचा तर वॉल्व्ह खाली उतरवूनच. बोल्ट गंजलेले असतात, आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, जोर केलात तर बोल्ट तुटून नवीन काम निघेल. आत काळं, डांबरासारखं चिकट साचलेलं दिसेल. सायलेन्सरकडून आलेली काजळी आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून आलेली तेलाची वाफ एकत्र होऊन ते बनतं. कार्बन क्लीनर, नायलॉनचा ब्रश आणि धीर एवढंच लागतं. मोटर आणि कनेक्टर असलेला भाग द्रवात बुडवायचा नाही. जिथे झडप टेकते त्या कडेवर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचं नाही. ती कड ओरखडली की झडप कधीच पूर्ण बंद होणार नाही, आणि मग जो दोष तुमच्या गाडीत नव्हता तो तयार होईल. साफ झाल्यावर बोटाने झडप ढकलून बघा: सरळ गेली पाहिजे आणि स्प्रिंगने टपकन परत आली पाहिजे. प्रकाशासमोर धरा, फटीतून उजेड दिसता कामा नये. पॅकिंग नवीनच घाला. इनटेकच्या तोंडाशीही तोच थर असेल तर तोही काढायचा, पण काजळीचे ढेकळं सिलिंडरमध्ये पडणार नाहीत अशा बेताने, पोर्ट कापडाने बंद करून. बसवल्यावर ज्या स्कॅनरमध्ये सोय आहे त्यावर वॉल्व्हचं नवं लर्निंग करून घ्या, म्हणजे ईसीएम वॉल्व्हची बंद-उघडी जागा नव्याने ओळखेल.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही सोपी म्हणून सांगितली तरी करू देऊ नका: इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये क्लीनरचे फवारे मारणं. पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडी साफ करायची पद्धत बघून कोणीतरी ती डिझेलवर आणली आहे. डिझेल इंजिन इनटेकमधून आलेलं काहीही जळाऊ पदार्थ इंधन म्हणूनच वापरतं. जास्त मारलं तर इंजिन स्वतःच्या मर्जीने फिरायला लागतं आणि चावी काढून थांबत नाही.

वॉल्व्ह का बुजला हे न शोधता तो साफ केला तर वर्षभरात पुन्हा तिथेच याल. काजळी जास्त कुठून तयार होतेय ते बघायचं: इंजेक्टर गळतायत का (चारही रिटर्न पाईपना चार बाटल्या लावून कुणाची जास्त भरते ते बघितलं की कळतं), एअर फिल्टर किती जुनं, टर्बोचं सील तेल सोडतंय का. आणि सोलापूरच्या गाडीत मी न विसरता बघेन तो थर्मोस्टॅट. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे, ‘आपल्या हवेला लागत नाही’ म्हणून. मग इंजिन पुरतं गरम व्हायलाच वेळ लागतो, घर ते बाजार एवढ्या फेरीत तर ते थंडच राहतं. थंड इंजिन जास्त काजळी करतं, आणि ती ईजीआरमध्ये साचते. काही वर्षांनी ईजीआरही ‘लागत नाही’ ठरतो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. महामार्गावर अर्धा तास चालवूनही ते ८० च्या खाली राहत असेल तर आधी थर्मोस्टॅट बसवा.

आता ईजीआर काढल्याने ‘पॉवर वाढते’ या बोलण्याबद्दल. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना चांगला ईजीआर मुळातच बंद असतो, ईसीएम तो बंद ठेवतो. त्यामुळे जोराची ताकद पत्र्याने वाढत नाही. ज्यांना फरक जाणवतो त्यांचा वॉल्व्ह बहुधा उघडा अडकलेला होता, तो साफ करून किंवा बदलूनही तोच फरक मिळाला असता. पत्रा मारल्याने इनटेकमध्ये काजळी साचायची थांबते आणि इंजिन ऑइल जरा उशिरा काळं पडतं, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याची किंमत कोण देतं, एवढाच प्रश्न आहे.

ईजीआरचं काम धूर कमी करणं नाहीच. जळणाच्या जागी ऑक्सिजन थोडा कमी करून तापमान उतरवायचं, म्हणजे हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी कमी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात, यासाठी तो आहे. ही ऑक्साइडं श्वासनलिकेला झोंबतात आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. ऊन आपल्याकडे किती ते तुम्हाला सांगायला नको. ही ऑक्साइडं डोळ्यांना दिसत नाहीत. आणि आपल्या पीयूसीत डिझेल गाडीची फक्त धुराची काळिमा मोजतात: सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि यंत्राने अपारदर्शकता बघायची. बीएस ४ (भारत स्टेज ४, प्रदूषणाचा नॉर्म) गाडीला ५० एचएसयूची, म्हणजे धुराच्या काळिमेच्या एककाची, मर्यादा, त्याआधीच्यांना ६५. नायट्रोजन ऑक्साइडं तिथे कोणी मोजतच नाही. म्हणून गॅरेजवाला ‘पीयूसी निघेल’ म्हणतो ते खोटं नाही. पत्रा मारलेल्या गाडीचा धूर कधी कधी आधीपेक्षा स्वच्छही दिसतो. फक्त त्या कागदाचा अर्थ गाडी स्वच्छ आहे असा नाही. फोक्सवॅगनच्या २०१५ च्या प्रकरणात भांडण याच न दिसणाऱ्या वायूंचं होतं. चाचणीच्या खोलीत गाड्या नेमात आणि रस्त्यावर नाहीत, हे पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेच्या तपासातही दिसलं, आणि भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायची घोषणा झाली.

तुमची गाडी कोणत्या नॉर्मची हे पीयूसीच्या कागदावर लिहिलेलं असेल. १ एप्रिल २०१० ला बीएस ४ लागू झालेल्या १३ शहरांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं, बाकी महाराष्ट्रात त्या सुमारास बीएस ३ होता. त्यामुळे सोलापुरात नोंदवलेली २०११ ची तुमची गाडी बीएस ४ असायला हवी. ५० ची मर्यादा काळा धूर सोडणाऱ्या गाडीला ओलांडायला वेळ लागत नाही, म्हणजे आत्ताच्या अवस्थेत तुमची खरी अडचण धूरच आहे, आणि तो पाईप, एमएएफ आणि इंजेक्टर बघूनच जाईल.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. रस्त्यावर पोलीस बॉनेट उघडून ईजीआर बघत नाही, हे मलाही माहीत आहे. पण गाडीला १५ वर्षं भरत आलीत. पुनर्नोंदणीला आरटीओसमोर गाडी उभी राहणार, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरायचाच आहे, आणि त्या वेळी कॅटच्या जागी सरळ पाईप ही खाली वाकून बघितलं की दिसणारी गोष्ट आहे.

कॅट काढायचं तर मला काहीच कारण दिसत नाही. तो तुंबलाय हे कोणी मोजून सांगितलं का? त्याच्या आधी प्रेशर गेज लावून मागचा दाब बघता येतो. तो न बघता काढायला सांगणाऱ्याला त्या जुन्या कॅटचं काय होणार ते विचारा. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. बऱ्याच गॅरेजांत ‘फुकट काढून देतो’ यामागचं गणित हेच असतं. कॅट नसलेल्या डिझेल गाडीच्या मागे सिग्नलला उभं राहिलं की डोळे चुरचुरतात तो वास अर्धवट जळलेल्या डिझेलचा, आणि काच खाली असेल तर तो तुमच्याही गाडीत येतो. काजळीने तो थोडा तुंबला असेलही, पण मूळ दोष निघाल्यावर मोहोळ-टेंभुर्णीकडे मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास अडीच-तीन हजार आरपीएमवर चालवलीत तर बरंचसं जळून जातं. तुमच्या गाडीत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) नाही, त्यामुळे ती एक भानगड वाचली. बीएस ६ वाल्यांनी हा परिच्छेद स्वतःच्या गाडीला लावू नये.

रिमॅपबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. ‘ईजीआर ऑफ’ची जी फाइल फिरते ती कुठल्या गाडीवरून उचलली ते भरणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. त्यात पी०४०१ सोबत आणखी चार कोड कायमचे झाकलेले असतात. उद्या एमएएफ किंवा बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) सेन्सर खरंच गेला तरी दिवा लागणार नाही. जुन्या गाडीत दिवा हा मालकाचा शत्रू नसतो.

वॉल्व्हची मोटर किंवा वायंडिंगच गेली असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवा घ्या. भंगारातला घेऊ नका, तो कुणाच्या तरी गाडीतून याच कारणाने निघालेला असतो. आणि तेही वायरिंग तपासल्यावरच: कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या किंवा उंदराने वायर कुरतडलेली असली तरी वॉल्व्ह मेल्यासारखाच दिसतो.

अठरा हजारांपैकी पहिले पैसे पाईप तपासणं आणि लाइव्ह डेटा यावर घाला, त्यानंतर गरज दिसली तर वॉल्व्हची सफाई आणि इंजेक्टरची चाचणी. त्याच क्रमाने. पहिल्याच टप्प्यात चीर सापडली तर पाईप बदलून कोड पुसा, आठवडाभर चालवा आणि कोड परत येतो का ते बघून मगच वॉल्व्हला हात लावा. चीर नाही निघाली तर मला चार आकडे कळवा: इंजिन गरम असताना आयडलला एमएएफचा आकडा वॉल्व्ह बंद आणि उघडा असताना, कूलंटचं तापमान, आणि चार बाटल्यांतल्या डिझेलची पातळी.